काचेआडचं ऊन

आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये मार्च महिन्यात दोन मराठी माणसं भेटली, की आधी “किती आलं?” असं विचारतात. कशाचं किती, ते सांगावं लागत नाही. इथला हिवाळा संपत आलेला असतो, रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडलेला असतो आणि वार्षिक तपासण्यांचे निकाल हातात आलेले असतात. “सतरा,” एक जण म्हणते. “अगंबाई, मला चौदा,” दुसरी म्हणते. चौदावालीच्या आवाजात काळजी असते, पण थोडा मोठेपणाही असतो. आता जेवणाच्या टेबलावर तासभर तरी सगळे तिच्याचबद्दल बोलणार, हे तिला ठाऊक असतं.

आम्ही या देशात आलो तेव्हा व्हिटॅमिन डी कुणी मोजत नव्हतं. तेव्हाच्या पार्ट्यांमध्ये ग्रीन कार्डाची चर्चा चालायची. मग घराच्या कर्जाचा व्याजदर आला, मुलांचे एसएटीचे मार्क आले, मुलं गेल्यावर कोलेस्टेरॉल आलं. डी त्या मानाने उशिरा आलं, पण असं आलं की जायचं नाव नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही मी लोकांना एकमेकांना डोस सुचवताना ऐकलंय.

आता माझं सांगायचं तर मी नागपूरची. आमच्याकडे ऊन ही खायची वस्तू नव्हती, ऊन लागायचं. मे महिन्यात सकाळी दहानंतर कारणाशिवाय बाहेर पडणाऱ्याला घरचे वेड्यात काढत. पडायचंच असेल तर डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा आणि खिशात कांदा ठेवायचा. कांदा सुटला, पण उन्हाला बघून अंग चोरायची सवय मी विमानातून जशीच्या तशी इथे घेऊन आले. आम्ही पाच जणी उन्हाळ्यात रोज चालायला जातो, त्या ऊन उतरल्यावर. इथे जूनमध्ये ऊन उतरतं रात्री नऊच्या सुमाराला. तरीही आमच्यातली एक पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोठी हॅट घालून येते. शेजारची गोरी माणसं भर दुपारी लॉनवर उताणी पडलेली असतात आणि आम्ही पडद्याआडून बघून त्यांची काळजी करत असतो.

माझा नवरा हृदयाचा डॉक्टर होता. आता रिटायर झालाय, पण ते त्याला अजून पुरतं पटलेलं नाही. त्याचं डी दरवर्षी उत्तम येतं आणि हे तो स्वतःचं कर्तृत्व समजतो. वाढदिवसाच्या महिन्यात तपासणी करून घ्यायची, ही आमच्या घरातली जुनी पद्धत. विसरायला नको म्हणून ठरवलेली. त्याचा वाढदिवस सप्टेंबरात, माझा मार्चमध्ये. म्हणजे तो टोमॅटोच्या वाफ्यात आणि गोल्फच्या मैदानावर सगळा उन्हाळा काढून परीक्षेला बसणार आणि मी पाच महिने अंधारात काढून. त्याला अडतीस, मला सोळा. “तू घराबाहेर पडत नाहीस,” हे त्याचं वर्षानुवर्षांचं निदान. मी सिव्हिल इंजिनियर, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आयुष्य गेलं. धरणातलं पाणी पावसाळ्यानंतर मोजलं तर भरलेलंच दिसणार, हे मला कळायला हवं होतं. पण हृदयाच्या डॉक्टरशी लग्न झालं की बाई स्वतःच्या तब्येतीबद्दल विचार करणं हळूहळू सोडून देते. शेवटी एकदा माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, “अरे, एकदा तूही मार्चमध्ये रक्त देऊन बघ ना.” तो म्हणाला, “माझा वाढदिवस सप्टेंबरात आहे.”

इतकी वर्षं हे सगळं गमतीतच चाललं होतं. मग मध्ये अल्फारेटा आलं.

आमची एकुलती एक मुलगी जॉर्जियात, अल्फारेटाला राहते. वकील आहे. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. फोनच्या पडद्यावर तो मला दहा मिनिटं दिसायचा. त्यातली आठ मिनिटं त्याच्या घरातलं छत दिसायचं, कारण फोन त्याच्या हातात असायचा. मला तिकडे जायचं होतं. त्याला शाळेतून आणायला जायचं होतं, त्याला वरणभात कालवून द्यायचा होता, तो मला मराठीत उलट बोलेल इतकं मराठी त्याला शिकवायचं होतं. हे मी सरळ म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं की नवरा दुखावल्यासारखा गप्प बसायचा, म्हणून मी डीचा आधार घेतला. “इथल्या हिवाळ्यात माझ्या अंगातलं डी जातं. जॉर्जियात ऊन तरी आहे,” असं म्हणायला लागले. आजार पुढे केला की डॉक्टर माणसाला नाही म्हणता येत नाही, असा माझा हिशोब.

त्याला जायचं नव्हतं. कारणं तो बरीच द्यायचा. तिथलं ट्रॅफिक, तिथलं परागकणांचं प्रमाण, तिथली चक्रीवादळं. अल्फारेटा समुद्रापासून किती लांब आहे ते मी त्याला नकाशावर दाखवलं होतं. खरं कारण निराळं होतं. इथे ग्रोसरीच्या दुकानात गेलं की कुणीतरी म्हातारा अमेरिकन माणूस त्याला थांबवतो, छातीवर हात ठेवतो आणि बायकोला सांगतो, की हेच ते डॉक्टर. अल्फारेटात तो फक्त एका मुलाचा आजोबा असणार होता.

मुलगी सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत आली होती, तेव्हा घरामागच्या लाकडी डेकवर हा विषय पुन्हा निघाला. नवरा ग्रिलवर मक्याची कणसं भाजत होता. “ऊन इथेही आहे,” तो म्हणाला. “तुझी आई ते घेत नाही, हा प्रॉब्लेम आहे.”

“हिवाळ्यात कुठून घेऊ? ड्राइव्हवेवर स्वेटर काढून उभी राहू?” मी म्हटलं.

“ओके, लेट्स सेटल धिस,” मुलगी म्हणाली. तिने दोन मिनिटांत आमचा करार करून टाकला. मार्चमध्ये माझ्या रक्तात डी तीसच्या वर आलं तर आम्ही इथेच राहायचं आणि मी हा विषय परत काढायचा नाही. तीसच्या खाली आलं तर घर विकायला काढायचं आणि बाबांनी चक्रीवादळांचं नाव घ्यायचं नाही.

“आणि गोळ्या चालणार नाहीत,” नवरा म्हणाला. “गोळीने कुणाचाही नंबर वाढतो. ऊन प्रूव्ह झालं पाहिजे.”

मी लगेच कबूल केलं. त्या गोळ्यांनी मला जळजळ होते, आणि गोळ्या न घेता माझा आकडा तीसच्या वर कधी गेलाच नव्हता. मनातल्या मनात मी अल्फारेटातल्या स्वयंपाकघरात डबे लावायला सुरुवातही केली.

पण नवऱ्याने आठवड्याभरात एका कंत्राटदाराला बोलावलं आणि मागच्या डेकवर काचेची खोली बांधायला घेतली. तीन बाजूंनी काच, वर काच, तोंड दक्षिणेला. ऑक्टोबर संपेपर्यंत खोली तयार झाली. त्याने वेताच्या दोन खुर्च्या आणल्या, मध्ये चहापुरतं टेबल ठेवलं. “आता बघ,” तो म्हणाला. “रोज दुपारी एक तास. बाह्या वर करून.” मला वाटलं, झालं, आता हा जिंकणार. त्या दिवशी मी नातवाशी फोनवर बोलताना नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याचं छत बघत बसले.

तरी कराराप्रमाणे मी रोज बसले. फसवाफसवी मला करायची नव्हती. एक वाजला की नवरा त्याच्या कॉफीच्या टोळक्यातून उठून घरी यायचा. सगळे रिटायर झालेले आपलेच डॉक्टर आहेत, एका कॅफेत सकाळपासून एका कपावर बसतात. हा आला की आम्ही काचेच्या खोलीत जायचो. बाहेर पांढरंशुभ्र, झाडांच्या फांद्यांवर बर्फ, आणि आत मी सुती ब्लाउज घालून, हात उघडे टाकून बसलेली. तो माझ्याहून पुढे गेला. मला एकटीला विचित्र वाटू नये म्हणून पायजमा गुडघ्यापर्यंत वर दुमडून बसायचा. त्याच्या नडग्या इतक्या बारीक आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या घरातल्या बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आल्या की आमच्याकडे बघून हात करायच्या. आम्हीही करायचो. त्या काय समजत असतील, कोण जाणे.

पहिले काही दिवस तो वर्तमानपत्र वाचायचा आणि मी कोडं सोडवायची. मग बोलणं सुरू झालं. हे सांगायला थोडं अवघड वाटतं, पण आमच्या लग्नात दुपार नावाची गोष्टच नव्हती. माझं ऑफिस, त्याचं हॉस्पिटल, रात्री-अपरात्री वाजणारा पेजर. जेवायच्या टेबलावर आम्ही एकमेकांना निरोप द्यायचो आणि घ्यायचो. आता एक माणूस रोज एक वाजता घरी यायला लागला आणि तो चांगला गप्पिष्ट निघाला. सांगलीच्या शाळेत भाषण विसरल्यावर स्टेजवरून उडी मारून पळून गेला होता, हे मला त्या खोलीत कळलं. पहिला पेशंट दगावला तेव्हा गाडीत बसून रडला होता आणि घरी येऊन मला ट्रॅफिक होतं म्हणून सांगितलं होतं, हेही तिथेच कळलं. एक तासाचे दोन तास कधी झाले ते आम्ही बघितलं नाही. फेब्रुवारीत ऊन असं नव्हतंच, नुसतं राखाडी आभाळ. तरी आम्ही बसायचो. “ढगातूनही थोडं येतं,” तो म्हणायचा.

मार्च आला. मी रक्त दिलं आणि चार दिवसांनी आमच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं. ही मुलगी मंडळात आमच्यासमोर वाढली. लहानपणी नाटकात झाड व्हायची आणि उभ्या उभ्या पेंगायची. आता मला पथ्य सांगते.

“मावशी, थर्टीन,” ती म्हणाली. “धिस इज युवर लोएस्ट एव्हर. तुम्ही गोळ्या स्टॉप केल्या?”

मी तिला सगळं सांगितलं. करार, खोली, रोजचं बसणं. ती आधी ऐकत होती, मग तिने ओठ दाबून धरले, मग खुर्ची आमच्याकडे वळवली.

“मावशी, काचेतून डी मिळत नाही. काच ते किरण अडवते. तुम्हाला फक्त ऊब मिळाली. आणि इथे विंटरमध्ये बाहेर बसलात तरी नथिंग. सूर्य खूप खाली असतो. आपल्या स्किनला तर अजून जास्त वेळ लागतो. समरमध्ये दुपारी थोडं बाहेर जायचं, ते बॉडी स्टोअर करतं, आणि विंटरभर तेच थोडं थोडं वापरतं.”

म्हणजे वाळवण. मला ते क्षणात कळलं. उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायच्या आणि वर्षभर तळून खायच्या. आम्ही पाच जणी ऐन उन्हाळ्यात नऊ वाजता चालायला जाणाऱ्या, आमच्या डब्यात काय असणार? मला हसू यायला लागलं. ती मात्र हसत नव्हती. तिने मला जळजळ न करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, माझ्या वयात हाडं मोडली तर काय होतं ते ऐकवलं आणि मग नवऱ्याकडे वळली. “काका, यू ऑफ ऑल पीपल.” त्याने मान खाली घातली. त्याला इतकं गरीब झालेलं मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी त्याला सोडलं नाही. “हृदयाचे इतके मोठे डॉक्टर,” मी म्हटलं. “अख्खी खोली बांधली. काचेतून काय येतं आणि काय येत नाही, एवढं माहीत नाही?”

त्याने गाडी सुरू केली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. “बांधली तेव्हा माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “आपला स्किनवाला आहे ना, कॉफीतला, त्याने सांगितलं. त्याला खोलीचे फोटो दाखवत होतो. सगळे खूप हसले मला.”

“कधी?”

“नोव्हेंबरात. पहिल्याच आठवड्यात.”

मला आधी नीट कळलंच नाही. मग एकेक दुपार डोळ्यांसमोर यायला लागली. थँक्सगिव्हिंगची, नाताळची, त्या राखाडी फेब्रुवारीतली. ढगातूनही थोडं येतं, असं म्हणणारा हा माणूस आणि त्याच्या दुमडलेल्या पायजम्याखालच्या नडग्या. मला राग आला. चांगलाच आला. मी चार महिने बाह्या वर करून तिथे बसले होते आणि कॉफीच्या टोळक्याला ते माहीत होतं.

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?” मी म्हटलं. “मला सांगायचंस, उन्हाची दुसरी काहीतरी सोय करायचीस. करार बदलून मागायचास. तुला कळलं होतं ना, की तू हरणार. घर जाणार.”

“घर जाणारच होतं,” तो म्हणाला. “तुला जायचंय, हे काय मला दिसत नव्हतं? त्यात डीचा काय संबंध?” मग म्हणाला, “सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून तिथे येऊन बसली नसतीस.”

खरंच बसले नसते. निरुपयोगी खोलीत रोज दोन तास कोण बसतं? मी आत जाऊन कपाटं आवरली असती आणि तो कॅफेतून उशिरा घरी आला असता. राग होता तो कुठे गेला, मला कळलं नाही. मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले, तर त्याने टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

आम्ही रस्त्याला लागलो तोच गाडीच्या स्पीकरवर मुलीचा फोन आला. ती सकाळपासून वाट बघत होती.

“आई, नंबर काय आला?”

मी तोंड उघडायच्या आत तो बोलला. “तेरा. आई जिंकली.”

आनंद झालेला लपवताना तिचा आवाज लहानपणीसारखा होतो. “ओह. बाबा, आर यू ओके?”

“मी ठीक आहे. डील इज डील.”

“सो, लिस्टिंग आत्ताच टाकू या. स्प्रिंगमध्येच घरं पटकन जातात. ऑगस्टमध्ये याची शाळा सुरू होतेय, तोपर्यंत तुम्ही इथे याल. आई, आर यू देअर?”

मी होते. मी नातवाचा विचार करत होते. शाळेचा पहिला दिवस, पाठीवर त्याच्याहून मोठी बॅग. ते एक वर्ष पुन्हा येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं आणि त्याचं मनापासून वाईट वाटत होतं. शेजारी माझा नवरा नाकासमोर बघत गाडी चालवत होता. इतकी हळू, की मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.

“येणार आहोत,” मी म्हटलं. “नक्की येणार. पण पुढच्या वर्षी. येता हिवाळा आम्ही इथेच काढतो.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“व्हॉट? आई, तू जिंकलीस ना?” मुलगी म्हणाली. “आणि थर्टीन म्हणजे किती कमी आहे. तुम्ही परत त्या सनरूममध्ये बसणार?”

“हो.”

“पण नंबरवरून तर दिसतंय, तिथे काहीच मिळत नाही.”

“डी मिळत नाही,” मी म्हटलं.